जसे आहे, जेथे आहे

बंद कारखान्यातील यंत्रे लिलावात निघतात, तेव्हा त्यांची किंमत वजनकाट्यावर ठरायची की कामावर, हा प्रश्न केवळ भंगारवाल्यांचा नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील अनेक घरांची थकलेली देणी आणि उद्याच्या छोट्या कारखानदारांची उमेद याच प्रश्नात अडकलेली आहे.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, नावात बदल आणि हरवले-सापडलेच्या शेजारी, बारीक टाइपात अधूनमधून एक जाहिरात येते. वर बँकेचे किंवा अवसायकाचे नाव, खाली कारखान्याचा पत्ता : प्लॉट क्रमांक अमुक, एमआयडीसी, डोंबिवली पूर्व. मग ‘प्लांट व मशिनरी’, राखीव किंमत, बयाणा रक्कम, पाहणीची तारीख. आणि शेवटी ते ठरलेले वाक्य : विक्री ‘जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे’ या तत्त्वावर होईल. घरातले बहुतेक लोक ही जाहिरात ओलांडून पुढे जातात. ज्यांचे त्यात काही गुंतलेले असते, ते मात्र कात्रण काढून ठेवतात.

अशाच एका पाहणीच्या दिवशी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका बंद कारखान्यात जाण्याचा योग आला. वीज कधीच तोडलेली. फुटक्या पत्र्यांतून येणाऱ्या उजेडात यंत्रांच्या रांगा उभ्या होत्या. मोटारींमधले तांबे कोणीतरी आधीच काढून नेले होते. एका लेथ मशीनच्या हेडस्टॉकला कुठल्याशा खंडेनवमीचा झेंडूचा हार वाळून चिकटला होता. खरेदीदारांची माणसे खडूने प्रत्येक यंत्रावर आकडे टाकत फिरत होती : दीड टन, दोन टन, पावणेतीन. एवढ्यात कापडी पिशवी घेतलेले, सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ आत आले. त्यांनी पिशवीतून फडके काढले, एका लेथ मशीनच्या बेडवरची धूळ पुसली आणि बोटांनी तो बेड चाचपून पाहिला. ते तेथे बावीस वर्षे टर्नर होते. त्यांना काही विकत घ्यायचे नव्हते.

‘काका, यातलं चांगलं कुठलं होतं?’ खडूवाल्या पोराने विचारले.

काकांनी तीन यंत्रे दाखवली. पोराने मान डोलावली आणि त्या तिन्हींवर आपला जुनाच आकडा ठेवला. त्याच्या मालकाला सगळे एकाच भावाने न्यायचे होते.

या छोट्या प्रसंगात आजच्या लिलावांची सगळी गोष्ट आहे. कोणते यंत्र चांगले, हे सांगणारा माणूस तेथे हजर होता. त्याची कंपनीकडून येणे असलेली रक्कम याच विक्रीतून निघायची होती. तरीही त्याच्या माहितीला त्या व्यवहारात कवडीची जागा नव्हती.

एका यंत्राच्या दोन किमती

धातुकामाच्या जुन्या यंत्राला दोन किमती असतात. पहिली वजनाची. मध्यम आकाराच्या लेथ मशीनमध्ये दीड-दोन टन माल असतो आणि त्यातले बरेचसे बीड असते. भंगाराचा भाव उदाहरणापुरता किलोला तीस रुपये धरला, तर दोन टनांचे साठ हजार रुपये झाले. दुसरी किंमत कामाची. तेच यंत्र नीट चालणारे असेल आणि एखाद्या गाळ्यात दुरुस्तीची, सुट्या भागांची कामे करणार असेल, तर त्याचे दोन लाखही येऊ शकतात, असे समजू. म्हणजे एका यंत्रामागे एक लाख चाळीस हजारांचा फरक. अशी वीस यंत्रे असतील, तर अठ्ठावीस लाखांचा. हे आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत. भाव रोज हलतो आणि प्रत्येक यंत्राची गत वेगळी असते. पण फरक असतो, तो मोठा असतो आणि तो कोणाच्या ना कोणाच्या खिशात जातोच.

भट्टीत गेलेले लोखंड वाया जात नाही, हे खरे. शिळफाटा, डायघर परिसरातल्या गोदामांतून माल कळंबोलीला, जालन्याच्या भट्ट्यांकडे, कोल्हापूरच्या ओतशाळांकडे जातो आणि त्याचे पुन्हा काहीतरी होते. पोलादी भाग गॅसकटरने कापतात. बीड ठिसूळ, ते घणाने फोडतात. पण भट्टीतून परत येते ते लोखंड. त्या बेडवर झालेले रंधाकाम, ग्राइंडिंग, निळ लावून हाताने केलेले स्क्रेपिंग, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत राखलेली सरळ रेषा हे काही परत येत नाही. पूर्वीचे चांगले कारखाने बेडचे ओतकाम महिनोन्महिने उघड्यावर ठेवून देत आणि आतला ताण निघून गेल्यावरच त्यावर हत्यार चालवत. लोणचे मुरावे तसे बीड मुरावे लागते. जुन्या कामगारांना जुन्या यंत्राविषयी माया असते, त्यामागे हेही एक कारण आहे.

कंपनीतून गाळ्यापर्यंत

ठाणे जिल्ह्यात हा विषय घराघराशी जोडलेला आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. पाठोपाठ डोंबिवली, अंबरनाथ, ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला. मुंबईतली खोली सोडून डोंबिवलीत ब्लॉक घेणाऱ्या मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या याच पट्ट्यावर जगल्या. लग्नाच्या स्थळाची चौकशी करताना ‘मुलगा कंपनीत आहे’ एवढे सांगितले तरी पुरत असे.

मोठ्या कंपन्यांच्या भोवती छोट्या वर्कशॉपचे जाळे विणले गेले. तेथे यंत्रे आली ती त्या काळच्या ओळखीच्या नावांची : १९५३ साली बंगलोरला सुरू झालेल्या एचएमटीची, १९४१ पासून हरिहरला लेथ बनवणाऱ्या म्हैसूर किर्लोस्करची, हैदराबादच्या प्रागाची. ज्यांना ती परवडत नसत, ते राजकोट किंवा बटाल्याचे हलके लेथ घेत. १९९१ नंतर स्पर्धा वाढली, संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे आली, स्वेच्छानिवृत्तीच्या योजना निघाल्या. तेव्हा हाती आलेल्या रकमेतून अनेक टर्नर-फिटरनी जुने यंत्र घेतले आणि भाड्याच्या गाळ्यात जॉबवर्क सुरू केले. ते यंत्र बहुधा बंद पडलेल्या दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्यातून आलेले असे. शेजारच्या भिवंडीने मुंबईच्या गिरण्यांतून निघालेल्या जुन्या मागांवर आपला व्यवसाय वाढवला, त्यातलाच हा प्रकार. एकाचे मोडले आणि दुसऱ्याचे उभे राहिले, असे हे चक्र होते.

आज हे चक्र अडले आहे, कारण जमिनीची किंमत यंत्रांच्या किमतीच्या कितीतरी पुढे गेली आहे. १९२५ पासूनची ठाण्याची रेमंड गिरणी २००९ मध्ये बंद झाली आणि तिच्या जमिनीवर आता निवासी मनोरे आहेत. डोंबिवलीजवळच्या प्रीमियरच्या कारखान्यात १९९०च्या दशकात प्युजो ३०९ मोटार तयार होत असे; त्या परिसरातही आज उंच गृहसंकुले दिसतात. वागळे इस्टेटमध्ये शेडच्या जागी काचेच्या कार्यालयी इमारती आल्या. ठाण्यात ‘कॅसल मिल’, ‘नितीन कंपनी’, ‘कॅडबरी’ ही नावे नाक्यांवर आणि बसथांब्यांवर टिकून आहेत. डोंबिवलीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत झालेल्या भीषण स्फोटांनंतर कारखाने हलवण्याची मागणी जोर धरते, आणि ती करणाऱ्या रहिवाशांची भीती खोटी नाही. पण कारण काही असो, जेव्हा खरा सौदा जमिनीचा असतो, तेव्हा शेडमधली यंत्रे ही लवकर दूर करायची अडगळ ठरते. अडगळीला कोणी भाव करत बसत नाही.

विकतो कोण, मिळते कोणाला

यंत्रे विकणारे हात अनेक. कर्ज थकले तर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली तारण ताब्यात घेऊन विकते. जुन्या कंपनी कायद्याखालची प्रकरणे उच्च न्यायालयाच्या शासकीय अवसायकाकडे असत. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनंतर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या आदेशाने अवसायक नेमला जातो. सरकारी कारखाने आणि उपक्रम आपला निरुपयोगी माल १९६४ साली स्थापन झालेल्या एमएसटीसीसारख्या संस्थेमार्फत काढतात. पूर्वी बोली आवारात उभे राहून लागे. आता बहुतेक लिलाव संगणकावर होतात.

पैसा वाटण्याचा क्रमही कायद्याने ठरलेला आहे. १९८५ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने धरली जाऊ लागली; हा त्या वेळी मोठाच बदल होता. नव्या संहितेत कलम ५३ हा क्रम सांगते. आधी प्रक्रियेचा खर्च. त्यानंतर कामगारांची २४ महिन्यांपर्यंतची देणी आणि आपले तारण सामाईक विक्रीत सोडून देणाऱ्या बँकांचे कर्ज, ही दोन्ही एका पातळीवर. इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची देणी त्याखाली. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी निधीतील कामगारांची रक्कम या वाटपाच्या बाहेर ठेवलेली आहे.

याचा घरगुती भाषेत अर्थ असा की, यंत्रांचे जास्त पैसे आले तर त्यातला हिस्सा कामगाराच्या घरी येण्याची शक्यता वाढते. कमी आले तर ते पहारा, भाडे आणि फी यांतच जिरतात. आणि उशीर झाला, तर विकायलाच काही उरत नाही. आजारी उद्योगांसाठी १९८५ च्या कायद्याने नेमलेले बीआयएफआर २०१६ मध्ये गुंडाळले गेले, तोवर किती शेडवर किती पावसाळे गेले असतील! मोहन्याचा एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि कामगारांचा आपल्या देण्यांसाठीचा लढा त्यानंतर वर्षानुवर्षे चालला. आपल्याकडच्या दमट हवेत तेल न लावलेला बेड एका पावसाळ्यात तांबूस होतो, दोन पावसाळ्यांत खड्डे पडतात. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत दोन लाखांचे यंत्र साठ हजारांचे झालेले असते.

एकगठ्ठा विक्री

खरी मेख आहे ती एकगठ्ठा विक्रीत. शेडमधली सगळी यंत्रे, टेबले, कपाटे, पाइप मिळून एकच लॉट केला जातो. त्याची राखीव किंमत एवढी होते की, बयाण्याची रक्कम भरण्याची ऐपत मोजक्या व्यापाऱ्यांपाशीच असते. ज्याला एकच मिलिंग मशीन हवे आहे, तो गाळेवाला दारातच थांबतो. मोजके बोलीदार एकमेकांना ओळखत असले की, कोणी कुठवर जायचे हे आधी चहाच्या टपरीवर ठरण्याचा धोका असतो. संगणकावरच्या लिलावाने दमदाटीला आळा बसला, पण टपरीवरची समजूत संगणकाला दिसत नाही.

भंगारवाल्याला खलनायक करून मोकळे होणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. तो रोख पैसे घालतो, हायड्रा क्रेन आणतो, पायाचे बोल्ट तोडतो, मुदतीत शेड रिकामी करून देतो. त्यातला जाणता व्यापारी चांगली यंत्रे बाजूला काढून चढ्या भावाने विकतोही, आणि त्याच्यामुळेच अनेक गाळे चालले आहेत. पण शेड रिकामी करण्याची घाई असली की, एकेका यंत्रासाठी गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा घण घालणे त्याला परवडते. अवसायकाची बाजूही ऐकली पाहिजे. प्रत्येक महिन्याचा पहारा आणि जागेचा खर्च विक्रीच्या रकमेतूनच जातो, चोरी होतेच, आणि पन्नास वेगळे खरेदीदार सांभाळण्यापेक्षा एकाशी व्यवहार सरळ असतो. एक मात्र खरे की, सुटी विक्री कायद्याला वर्ज्य नाही. संहितेखालच्या २०१६ च्या नियमांत मालमत्ता एकेकटी, गटागटाने किंवा तुकड्या-तुकड्यांनी विकण्याची मुभा दिलेली आहे. पर्याय आहे, वापरण्याचे कष्ट कोणी घ्यायचे एवढाच प्रश्न उरतो.

पाहणारा डोळा

सुट्या यंत्राची बोली लावणाऱ्यालाही ‘जसे आहे’ हे चार अक्षरांहून फार मोठे प्रकरण आहे, याची जाणीव हवी. माल उचलल्यावर गिअर तुटका निघाला, चक नाही असे कळले, तर तक्रार करायला दार नसते. फोटो पाहून बोली लावणारा बुडतो. मग पाहायचे काय?

काकांनी त्या दिवशी जे दाखवले ते कोणालाही समजण्यासारखे आहे. लेथवर बहुतेक काम चकच्या जवळ होते, म्हणून बेड तेथेच आधी झिजतो. सॅडलची पट्टी चकजवळ घट्ट करायची आणि सॅडल टेलस्टॉककडे सरकवायचे. वाटेत ते आवळून अडकू लागले, तर चकजवळ बेड खाल्ला गेला आहे असे समजावे. स्पिंडलला डायल लावून, चकमध्ये धरलेल्या दांड्याने हळूच उचलून पाहावे. काटा किती हलतो त्यावरून बेअरिंगची अवस्था कळते. क्रॉस स्लाइडचे चाक उलटसुलट फिरवून किती मोकळे जाते ते पाहावे. ओतकामाला हातोडीने हलके ठोकावे. स्वच्छ नाद आला तर बरे, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा असण्याची शंका घ्यावी. नुकताच रंग दिलेल्या यंत्राकडे अधिक संशयाने बघावे. बदलायचे गिअर, चार जबड्यांचा चक, स्टेडी हे जागेवर आहेत का ते मोजावे, कारण ते बाजारात वेगळे शोधताना मूळ यंत्राइतकी दमछाक होते.

एक गोष्ट मात्र काकांनाही तपासता आली नाही. वीज नसल्यामुळे यंत्र चालवून पाहता येत नव्हते. गिअरबॉक्स बोलतो तो फिरताना. थांबलेल्या यंत्राचे मूल्यमापन म्हणजे झोपलेल्या गवयाची परीक्षा. त्यामुळे प्रामाणिक खरेदीदारही धोका धरून कमीच बोली लावतो आणि भाव पुन्हा वजनाकडे घसरतो.

सगळेच वाचवायचे का?

मुळीच नाही. रखवाली पट्ट्या नसलेल्या जुन्या पॉवर प्रेसने किती कामगारांची बोटे घेतली, हे औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्यांना सांगायला नको. असे यंत्र सुरक्षा साधने बसवल्याशिवाय कोणाच्या गाळ्यात जाऊ नये; ते भट्टीतच जावे. सारखे हजारो भाग काढायचे असतील, तर सीएनसीला तोड नाही. पण बंद पडलेल्या पंपाचा एकच शाफ्ट, जुन्या यंत्राचा एकच बुश, शिकाऊ मुलाचा पहिला धागा या कामांना हाताने चालवायचे यंत्रच सोयीचे. अशी कामे डोंबिवलीत आजही रोज निघतात.

जगातही हेच दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीकडून भरपाई म्हणून घेतलेल्या यंत्रसामग्रीत भारताचाही वाटा होता. २०००च्या दशकाच्या सुरुवातीला चिनी कामगारांनी जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा पोलाद कारखाना खिळाखिळा सुटा करून, प्रत्येक तुकड्यावर खूण करून मायदेशी नेला. एकाने जुने म्हणून टाकलेल्या यंत्रावर दुसऱ्याने उद्योग उभा केला. नेणाऱ्यांपाशी भांडवल होते, तसा त्यातले काय घ्यायचे हे ओळखणारा डोळाही होता.

करता येण्यासारखे

मागण्या अवाजवी नाहीत. लिलावाच्या यादीत प्रत्येक यंत्राची बनावट, क्रमांक, आकार आणि शेवटचे केव्हा चालले हे लिहावे. पाहणीच्या दोन दिवसांपुरता भाड्याचा जनरेटर आणावा; त्याचा खर्च एका चांगल्या यंत्राच्या वाढीव भावातून निघेल. कामाची यंत्रे सुटी आणि उरलेला माल एकगठ्ठा, असे दोन भाग करावेत. यादी करताना त्याच कारखान्याच्या दोन जुन्या कामगारांना मानधन देऊन बोलवावे. ज्यांची देणी अडकली आहेत त्यांच्याइतका खरा भाव सांगण्यात कोणाला रस असणार? आसपासच्या आयटीआयना एखाद-दुसरे यंत्र वजनाच्या भावाने घेण्याची संधी द्यावी. ठाण्यात टीसा आणि डोंबिवलीत कामा या लघुउद्योजकांच्या संघटना आहेत. सभासदांची मागणी गोळा करून एकत्र बोली लावण्याचा विचार त्यांनी करून पाहावा. एकट्या गाळेवाल्याला न परवडणारा बयाणा दहा जणांना परवडतो.

यातले काहीच झाले नाही तरी लिलाव होत राहतील, कागदोपत्री सगळे नियमात बसेल आणि कोणावर ठपका ठेवता येणार नाही. तोटा मात्र होईल, आणि तो नेहमीच्या ठिकाणी जाऊन बसेल.

त्या दिवशी निघताना काकांनी पिशवीतून आणखी एक वस्तू काढली. चकची चावी. कंपनी बंद झाली त्या संध्याकाळी डब्याच्या पिशवीत चुकून घरी गेली, ती तशीच राहिली होती. त्यांनी ती लेथच्या ट्रेमध्ये ठेवली. ‘कोणी चालवायला घेतलं तर लागेल,’ म्हणाले. पंधरा दिवसांनी त्या रस्त्याने गेलो तेव्हा शेड रिकामी झाली होती. सिमेंटमध्ये बोल्टांची भोके तेवढी दिसत होती, एका रांगेत, सारख्या अंतरावर. ते यंत्र गाळ्यात गेले की भट्टीत, हे विचारायला तेथे कोणी नव्हते.